दिवाळी पहाट, तीन कॅमेरे आणि पावणेसातचा उजेड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पार्ल्यातल्या संस्थेच्या हॉलमध्ये दिवाळी पहाट आहे, साडेपाच ते साडेआठ. आधी शास्त्रीय गायन, मग नाट्यपदं. कॅमेरे तीन. एक फुलफ्रेम सोनी सत्तर-दोनशे लेन्ससकट, एक जुना कॅनन किट लेन्सवाला आणि तिसरा म्हणून आयफोन. गेल्या वर्षी गायिकेचा चेहरा एकात पिवळा आला, दुसऱ्यात जांभळट. फोनच्या चित्रात आडवे पट्टे पळत होते आणि सातनंतरचं सगळं पांढरं पडलं. यंदा चौथा कॅमेरा भाड्याने आणावा का, असंही विचारलंय.

चौथ्याचं शेवटी बघू. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एकच कॅमेरा असला आणि रंग थोडा चुकला तरी बघणाऱ्याचा डोळा मिनिटभरात त्याला सरावतो. तीन कॅमेऱ्यांत ती सोय नसते, कारण दर कटला डोळ्यापुढे तुलना उभी राहते. त्यामुळे तिन्ही कॅमेरे एकसारखे चुकले तर खपून जातं, पण तिघेही आपापल्या परीने बरोबर आले तर एडिटला बसणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. गेल्या वर्षी तुमचं तेच झालं. तिन्ही कॅमेरे ऑटोवर होते, तिघांनी आपापली अक्कल लढवली.

म्हणून सगळ्यात लंगडा कॅमेरा कोणता ते आधी ठरवा आणि बाकीच्यांना त्याच्याशी जुळवून घ्यायला लावा. तुमच्याकडे तो कॅनन. किट लेन्स म्हणजे बहुधा अठरा-पंचावन्न, एफ ३.५ ते ५.६. या लेन्सची खोड अशी की झूम करत गेलात की ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, आपसूक बंद होत जातं आणि चित्र काळवंडतं. त्यामुळे तिला पहिल्यापासून एफ ५.६ वरच ठेवायचं, म्हणजे झूम करा किंवा न करा, उजेड तोच. सोनीवर एफ २.८ आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० ठेवाल तर तेवढ्याच उजेडासाठी कॅननला ३२०० लागेल, कारण २.८ ते ५.६ म्हणजे दोन स्टॉप, दर स्टॉपला दुप्पट, म्हणजे चौपट. ३२०० ला जुना कॅनन थोडा रवाळ दिसेल. दिसू दे. आयएसओ कमी ठेवून काळं शूट करायचं आणि एडिटमध्ये ओढून उजळ करायचं, याने रवा जास्त दिसतो, शिवाय सावल्यांत जांभळट डाग पडतात ते वेगळेच. सोनीवर लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर काढायचे म्हणून मुद्दाम फिकट ठेवलेल्या चित्रात, शूट करायचा मोह होईल, तोही आवरा. बाकी दोघांना ते जमणार नसेल तर एकट्याने लॉगमध्ये जाऊन फक्त जुळवणीचं काम वाढतं. साधं प्रोफाइल ठेवा, कॉन्ट्रास्ट एक-दोन घर खाली, शार्पनेस खाली.

आता पट्ट्यांचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे विजेवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. जुन्या चोकच्या ट्यूबमध्ये आणि स्वस्तातल्या एलईडी ट्यूबमध्ये हे ठळक असतं. उपाय सोपा: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. १/१०० सुद्धा चालतं, पण त्यात निम्मा उजेड जातो आणि तो तुम्हाला परवडणारा नाही. फोन मात्र आल्यापासून ३० फ्रेमवर असतो, कारण तो हिशेब अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेचा आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे पाल फॉरमॅट्स (आपल्याकडची २५ फ्रेमची पद्धत) दाखवा असं बटन आहे. ते चालू केलं की २५ चा पर्याय येतो. तिथेच एचडीआर व्हिडिओ बंद करा, नाहीतर फोनचं चित्र टाइमलाइनवर भगभगीत येतं आणि कशाशीच जुळत नाही. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हातात येत नाही, म्हणून ब्लॅकमॅजिकचं फुकट ॲप टाका. त्यात शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावायचा आकडा), फोकस सगळं कुलूपबंद करता येतं. सोनी कोणी अमेरिकेहून आणून दिलेला असेल तर तोही एनटीएससीवर, म्हणजे तिकडच्या ३० फ्रेमच्या पद्धतीवर, असण्याची शक्यता आहे. मेन्यूत जाऊन पालवर आणा. हे शूटच्या दिवशी पहाटे पाच वाजता करू नका, कार्ड फॉरमॅट करायला सांगतो.

पट्ट्यांचा दुसरा प्रकार जास्त चिवट. मांडववाल्याचे एलईडी पार मंद केले की ते खरे मंद होत नाहीत, ते झपाझप चालू-बंद होतात आणि डोळ्याला मंद भासतात. ती गती प्रत्येक दिव्याची निराळी, त्यामुळे १/५० ठेवूनही कधी कधी पट्टे येतात. ओळखायची युक्ती अशी: फोनचं शटर १/२००० वर न्या आणि दिव्याकडे रोखा. खोटं मंद करणारा दिवा लगेच झेब्र्यासारखा दिसतो. असा दिवा सापडला तर लाइटवाल्याला सांगा, ‘दादा, हा पूर्ण शंभरावर ठेव आणि मागे सरकव, नाहीतर पुढे ट्रेसिंग लाव.’ पूर्ण ताकदीवर बहुतेक पार गुमान वागतात. ट्रेसिंग पेपर एलईडीसमोर चालतो. हॅलोजनच्या फार जवळ नेऊ नका, मी एकदा जळका वास आल्यावर शिकलोय.

लाइटवाल्याशी बोलणं हे या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं काम, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. आपण कॅमेऱ्याच्या मेन्यूत तास घालवतो आणि ज्याच्या हातात उजेड आहे त्याच्याशी ‘नमस्कार, चहा घेतला का’ एवढंच. तो प्रेक्षकांसाठी लाइट करतो आणि त्याच्या लेखी दिवाळी म्हणजे निळा, जांभळा, गुलाबी. डोळ्याला सुरेख दिसतं. सेन्सरला मात्र गडद निळ्या एलईडीत फक्त निळा चॅनल मिळतो, तो काठोकाठ भरून सपाट होतो आणि गालावरची उठावदारी, नथीची रेघ, सगळं पुसलं जातं. एडिटमध्ये ते परत येत नाही, कारण मुळात नोंदलंच गेलेलं नसतं. तुमचा जांभळट चेहरा तिथून आला. त्याला एकच वाक्य सांगा: ‘चेहऱ्यावर पांढरा, रंग हवा तेवढा मागे.’ समोरून दोन्ही बाजूंना, साधारण पंचेचाळीस अंशांत, डोक्याच्या थोडं वरून दोन पांढरे दिवे, आणि एकाची ताकद दुसऱ्याच्या निम्मी. बाकी रंग पडद्यावर, झालरीवर, कमानीवर खुशाल टाकू दे. मागे एलईडी वॉल असेल तर तिचा उजेड खाली आणायला सांगा, अगदी पंधरा-वीस टक्क्यांवर. प्रायोजकाचा लोगो गायिकेच्या डोक्यामागे ट्यूबलाइटसारखा जळतो तेव्हा चेहरा काळा पडणारच. प्रायोजकांना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

व्हाइट बॅलन्स केवढा, हे दिवाळी पहाटेत नेहमीच्या मैफलीसारखं ठरवता येत नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमात हॅलोजन असतील तर ३२०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) लावून मोकळे. इथे मात्र मध्येच दिवस उगवतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो, आणि त्याआधी पंधरा-वीस मिनिटं खिडकीतून जो उजेड येतो तो गडद निळा असतो. कॅमेरा ३२०० वर असेल तर गायिकेचा खिडकीकडचा गाल शाईत बुडवल्यासारखा दिसतो. म्हणून समोरचे दोन दिवे रंग बदलता येणारे, म्हणजे बायकलर, मागवा आणि ४५०० च्या आसपास ठेवा. तिन्ही कॅमेरेही हाताने ४५०० वर. मग खिडकीतला निळा जरासाच निळा वाटतो आणि नंतरचं ऊन जरासंच पिवळं. तेवढं असू दे, पहाट आहे ना. मंचावरच्या ट्यूब बंदच करा. आपल्याकडे त्या बहुतेक ६५०० च्या असतात आणि चेहऱ्यावर हिरवट छटा आणतात. मागच्या रांगांवरच्या दोन-चार राहू द्या, उशिरा येणाऱ्या आजी-आजोबांना पायऱ्या दिसायला हव्यात.

सातनंतर पांढरं का पडलं, त्याचं उत्तर खिडक्यांत आहे. मंचाजवळच्या पूर्वेच्या खिडक्या काळ्या कापडाने पूर्ण बंद करा, मागच्या उघड्या ठेवा. प्रेक्षकांवर हळूहळू उजाडत जातं ते वाइड शॉटमध्ये फार छान दिसतं, त्याला हात लावू नका. हॉल बघायला मात्र पहाटेच जा, आणि कार्यक्रमाच्या चार-आठ दिवस आधी. सप्टेंबरअखेर गेलात तर सूर्य नेमका पूर्वेला उगवताना दिसेल. दिवाळीपर्यंत तो दहा-पंधरा अंश दक्षिणेला सरकलेला असतो, आणि तेवढ्यात ऊन एका खिडकीतून पुढच्या खिडकीत जातं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. दादरचा एक हॉल होता. पूर्वेच्या सगळ्या खिडक्या मी कापड लावून बंद केल्या आणि निवांत बसलो. सात-दहाला पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आली आणि थेट तबलजींच्या डोक्यावर. पश्चिमेकडून, सकाळी! समोर नवा टॉवर झाला होता आणि त्याच्या काचांवरून ऊन परतून येत होतं. तबलजी डोळे मिचकावत वाजवतायत, डग्ग्याची तांब्याची कड एवढी चमकतेय की कॅमेरा दोनचा झेब्रा, म्हणजे फार उजळ भागावर पडद्यात दिसणारे तिरके पट्टे, अख्ख्या फ्रेमभर. मी वाकत वाकत गेलो आणि खिडकीत उभा राहिलो. पुढची वीस मिनिटं मीच पडदा होतो. त्याच दिवशी, तिरीप हटल्यावर, वॉचमन काकांनी माझं पूर्वेचं एक कापडही बाजूला केलं. ‘केवढं कोंडलंय, हवा येऊ दे.’ तेव्हापासून प्रत्येक कापडावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवतो: कृपया साडेआठपर्यंत उघडू नये. आणि काकांना आदल्या दिवशी भेटतो.

एवढं करूनही उजेड वाढतोच, कापडाच्या कडांतून, दारातून. तो आवरण्याची आमची पद्धत अशी: चीज चालू असताना कोणीही आयरिसला, म्हणजे ॲपर्चरला, किंवा आयएसओला हात लावायचा नाही. गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या की तिघांनी मिळून एक-तृतीयांश स्टॉप कमी करायचं, तिघांनी, एकाच दिशेने, तेवढंच. सव्वासहा ते सव्वासातमध्ये असं चार-पाच वेळा करावं लागतं. इशारा मुख्य कॅमेऱ्यावरचा माणूस देतो. आमच्याकडे तो टोपी काढतो. व्हॉट्सॲपवर अवलंबून राहू नका, कोणी बघत नाही.

उजेड बरोबर आहे हे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर डोळ्याने ठरवू नका. पहाटे अंधारात तो पडदा झगझगीत भासतो आणि माणूस हटकून अंडर शूट करतो. झेब्रा वापरा. पुस्तकांत त्वचेला सत्तर टक्के लिहिलेलं असतं, ते गोऱ्या युरोपीय चेहऱ्याचं माप आहे. आपल्या चेहऱ्यांना मी पन्नास ते साठच्या मध्ये ठेवतो. दुसरा झेब्रा शंभरावर, तो साथीदारांच्या पांढऱ्या झब्ब्यासाठी. हार्मोनियमवाल्यांचा झब्बा खांद्यावर जरासा पेटला तर पेटू दे, पण छातीवर दोरे आणि चुण्या दिसल्या पाहिजेत.

जुळवणीचा अर्धा तास कार्यक्रमाआधी राखून ठेवाच. लाइट पक्के झाले की कार्यकर्त्यांपैकी एकाला गायिकेच्या जागी गादीवर बसवा, शक्यतो तिच्यासारख्या वर्णाचा, झब्बा घातलेला. हातात ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचा ठरावीक राखाडी पुठ्ठा, द्या. फोर्टात बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांत सहज मिळतं. तिन्ही कॅमेऱ्यांनी त्या कार्डाचा, मग चेहऱ्याचा दहा-दहा सेकंद शॉट घ्यायचा. मग एकच मॉनिटर, एकच एचडीएमआय केबल, आणि आळीपाळीने सोनी आणि कॅननला लावून बघायचं. फोन शेजारी धरायचा. ४५०० आकडा तिघांत सारखा असला तरी चित्र सारखं नसतं. माझ्या अनुभवात सोनी जरा हिरवट-पिवळ्याकडे झुकतो, कॅनन तांबूसकडे. सोनीच्या व्हाइट बॅलन्स शिफ्टमध्ये एक-दोन घर मॅजेंटाकडे सरका, कॅननला हात लावू नका. तो लंगडा, तो आपला मानदंड. उरलेला फरक रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या ग्रे कार्डाच्या शॉटवरून पाच मिनिटांत निघतो. त्यातल्या व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंग दाखवणाऱ्या गोल आलेखावर, त्वचेची जी रेघ असते तिच्यावर सावळा, गोरा सगळेच चेहरे साधारण बसतात, त्यामुळे तिघांची शेपटी त्या रेघेवर आणा की झालं.

कोण कुठे बसणार? बैठकीत तबला गायिकेच्या उजव्या हाताला असतो, हार्मोनियम डाव्या. अगदी समोरून क्लोज घेतलात तर माइक बरोबर ओठांवर येतो, म्हणून सोनी मध्यापासून थोडा बाजूला हवा. मी तबल्याच्या बाजूने घेतो, म्हणजे गायिका तबलजींकडे बघून समेवर हसते ते समोरून मिळतं. कॅनन मागे, मधोमध, तिघं मावतील एवढी मध्यम फ्रेम, ट्रायपॉड घट्ट. तो हलवायचाच नाही. बाकी दोघांचं काहीही चुकलं तरी तिथे कट मारता येतो. फोन पुढे, तबल्याच्या बाजूने खाली, बोटं आणि साथीदारांसाठी. पण त्यावर डिजिटल झूम करू नका. टाइमलाइन १०८० ची ठेवा, कारण जुना कॅनन तेवढंच देतो. फोनवर फोर-के घेतलंत तर एडिटमध्ये कापून जवळ जायला जागा राहते.

जुन्या कॅननची आणखी एक गोम: तो २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो. ऐन तराण्यात थांबलेला मी पाहिलाय. दर टाळ्यांच्या वेळी हाताने बंद-चालू करा. कार्डाचा हिशेब सोनीसाठी असा: १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी. तीन तासांचे १३५, म्हणजे १२८ चं कार्ड शेवटच्या भैरवीत दगा देणार.

आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झला घ्या, पण तिन्ही कॅमेऱ्यांचे स्वतःचे माइक चालू राहू द्या, सिंक, म्हणजे चित्र-आवाजाची जुळणी, त्यावरूनच होतं. सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी. फोनची फ्रेम थोडी मागेपुढे होत राहते, तीन तासांत ओठ सरकतात, ते शेवटच्या टाळीवर कळतं. त्याची फाइल आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या. आणि एक बारीक गोष्ट, जी मला बरीच वर्षं कळली नव्हती. मागचा कॅमेरा मंचापासून वीस मीटरवर असेल तर तिथे आवाज पोचायला जवळजवळ ५८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात दीड फ्रेम. सॉफ्टवेअर आवाजाला आवाज जुळवतं, त्यामुळे त्या कॅमेऱ्याचं चित्र दीड फ्रेम आधी धावतं. तबल्यावर बोट पडलेलं दिसतं आणि ठेका मागून येतो. सिंक झाल्यावर मागची क्लिप एक-दोन फ्रेम उशिरा सरकवा.

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून लेन्स थेट दमट हॉलमध्ये काढलीत तर काचेवर वाफ धरते. बॅग अर्धा तास आधी हॉलमध्ये आणून बंदच ठेवा.

आता चौथा कॅमेरा. आणू नका. चौथा म्हणजे जुळवायला आणखी एक तोंड आणि त्यामागे आणखी एक माणूस. तेवढ्या भाड्यात अंधेरीहून दोन बायकलर पॅनल, सॉफ्टबॉक्स आणि स्टँड येतात. शिवाय दोन थर्माकोलच्या शीट घ्या. एक गायिकेच्या पुढे खाली, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी तिरकी टेकवलीत की हनुवटीखालची सावली उतरते. काळं कापड मंगलदास मार्केटमध्ये मीटरवर मिळतं. पॉपलीन घेऊ नका, उजेड झिरपतो, जाड कॉटन घ्या. आधी खिडक्यांची मापं घेऊन जा आणि प्रत्येक खिडकीमागे हातभर जास्त आणा, पश्चिमेच्या खिडक्यांसाठीसुद्धा.